बे-लीफ शेतघर, सिंगलटन: पाहुण्यांना विंडसरच्या आधी इथे न्या

आपल्याकडचं कुणी इंग्लंडला आलं की दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. लंडन, विंडसरचा किल्ला, बाथ, स्टोनहेंज, सुट्टी उरली तर स्कॉटलंड. शेती करणारा इंग्रज माणूस राहायचा कसा, त्याची चूल कुठे, धान्य कुठे, जनावरं कुठे, हे यातल्या एकाही ठिकाणी कळत नाही. ते बघायचं असेल तर वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटन गावी वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियममध्ये जा आणि तिथलं बे-लीफ नावाचं शेतघर वेळ काढून बघा. मी क्रॉलीला राहते, सिव्हिल इंजिनीअर आहे, आणि घरी कुणी आलं की त्यांना आधी इथेच नेते. या वेळी सासूबाई होत्या. त्या सातारा जिल्ह्यातल्या, कुडाच्या भिंतींच्या आणि शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्या. त्यांच्या प्रश्नांमुळे मला या घरातलं बरंच काही नव्याने कळलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

म्युझियम म्हटल्यावर काचेची कपाटं डोळ्यासमोर आणू नका. डाउन्स नावाच्या चुनखडीच्या टेकड्यांच्या हिरव्या उतारावर ४० एकरांत पन्नासेक जुन्या इमारती उभ्या आहेत. घरं, धान्याची कोठारं, लोहारशाळा, पाणचक्की, बाजाराची इमारत, जकातनाका. जवळपास सगळ्या दुसरीकडे पाडल्या जाणार होत्या. तिथून लाकूड न् लाकूड सोडवून, नंबर टाकून इथे आणल्या आणि पुन्हा जुळवल्या. हे सगळं सुरू केलं रॉय आर्मस्ट्राँग यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये आमच्या क्रॉलीला 'न्यू टाउन' ठरवलं गेलं आणि नव्या वसाहतींसाठी जुनी लाकडी घरं जमीनदोस्त होऊ लागली. ते बघून त्यांनी खटपट केली आणि १९७० मध्ये म्युझियम लोकांसाठी उघडलं. क्रॉलीतलीच मध्ययुगाच्या शेवटाची एक इमारत आज इथे आहे. आम्ही ज्या नीटनेटक्या विटांच्या रांगेत राहतो तिच्याखाली काय होतं, ते मला इथे येऊन समजलं.

बे-लीफ मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. तिथल्या खोऱ्यात बाउ बीच नावाचा जलाशय बांधायचं ठरलं आणि हे घर बुडीत क्षेत्रात आलं. १९६८-६९ मध्ये ते उतरवलं आणि नंतर इथे उभं केलं. त्याच खोऱ्यातली विंकहर्स्ट नावाची आणखी एक छोटी इमारतही अशीच वाचली. ती आता ट्यूडर, म्हणजे आठव्या हेन्रीच्या घराण्याच्या काळातलं, स्वयंपाकघर म्हणून चालवतात.

हे सांगितल्यावर आई दारातच थबकल्या. त्यांचं माहेरचं गाव धरणात गेलेलं आहे. "आम्हीपण दारं-चौकटी आणि वासे तेवढे गाडीत घालून आणले होते," त्या म्हणाल्या. "पण कुठला वासा कुठला, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं गं." मग आत जाऊन त्यांनी पहिली चौकशी केली ती या नंबरांची. तिथे माहिती सांगायला असलेल्या बाईंनी त्यांना एका खांबाच्या सांध्याजवळ कोरलेल्या रेघा दाखवल्या. रोमन आकड्यांसारख्या, पटाशीने मारलेल्या. या खुणा १९६८ च्या नव्हेत, घर बांधणाऱ्या सुतारांच्याच. कारण हे घर पहिल्यांदाही आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवं जुळवलं होतं. प्रत्येक तुकड्यावर खूण केली, सगळं सोडवलं, गाडीत घातलं आणि जागेवर नेऊन उभं केलं. तेव्हाच्या सगळ्याच लाकडी घरांची ही पद्धत. म्हणूनच पाचशे वर्षांनी ते पुन्हा सोडवता आलं.

आता घराविषयी. लाकडातल्या वर्षवलयांवरून काढलेला काळ असा, की मधला दिवाणखाना आणि त्याच्या एका बाजूच्या खोल्या १४०५ ते १४३० च्या दरम्यानच्या, तर दुसऱ्या टोकाच्या खोल्या १५०५-१० च्या सुमाराच्या. सजावट मात्र १५४० सालची, म्हणजे आठव्या हेन्रीच्या काळातली. बाहेरून बघितलं तर दोन्ही टोकांना माडी आहे आणि ती खालच्या भिंतीच्या पुढे हातभर बाहेर आलेली आहे. मधला भाग आत दबलेला. छप्पर मात्र एकच, सलग. मधल्या भागावरचं पागोळीचं लाकूड अधांतरी राहू नये म्हणून दोन्ही बाजूंनी वाकड्या टेकूंनी उचलून धरलंय. केंट आणि ससेक्सच्या वील्ड भागात अशी घरं इतकी आहेत की या घडणीला त्या मुलखाचंच नाव पडलं. वील्ड म्हणजे उत्तर आणि दक्षिण डाउन्सच्या मधला जंगलाचा, चिकणमातीचा पट्टा. ओक भरपूर, दगड कमी, शेतं लहान. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडची प्रचंड माणसं मेली. उरलेल्यांच्या मजुरीला भाव आला, जमिनी हाताशी आल्या आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांत सरदार नसलेल्या, पण खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यांनी अशी घरं बांधली. शिवाय केंटमध्ये थोरल्यालाच सगळं न देता सगळ्या मुलांत जमीन वाटायची रीत होती. ती थेट १९२० च्या दशकापर्यंत चालली. बाकीच्या इंग्लंडात सहसा हे नव्हतं. आईंना हे ऐकून फार बरं वाटलं, आणि लगेच त्यांनी विचारलं, "मग भांडणं?" त्याचं उत्तर त्या बाईंकडे नव्हतं.

आत पाऊल टाकलं की आधी अंधार, मग धूर, मग उंची. याच क्रमाने. दिवाणखाना थेट छपरापर्यंत उघडा. जमिनीच्या मध्यावर उघडं आगटं आणि त्यात ओकचे ओंडके धुमसत असतात. चिमणी नाही. धूर आपला वर जातो, वाशांत रेंगाळतो आणि कौलांच्या फटींतून, छपराच्या टोकांकडच्या भोकांतून हळूहळू बाहेर पडतो. उभं राहिलात तर डोळे चुरचुरतात. बाकावर बसलात तर धुराचा थर डोक्याच्या वर राहतो आणि बरंच सुसह्य होतं. हे मला माहीत नव्हतं. आई आत आल्या त्या थेट बाकावर जाऊन टेकल्या आणि मला म्हणाल्या, "अगं बस खाली, उभी काय राहतेस." ज्यांनी चुलीपुढे आयुष्य काढलंय त्यांना हे शिकवावं लागत नाही.

डोळे सरावले की वर बघा. छपराची लाकडं काळी आहेत, पण सगळी सारखी काळी नाहीत. मधल्या भागातली जुनी लाकडं काजळीने माखून चकचकीत झालेली आहेत, एखाद्या डांबरासारखी. बदललेली लाकडं आजच्या धुराने अजून नुसती तपकिरी पडलीयत. इंग्लंडभर जुन्या घरांच्या पोटमाळ्यांत टॉर्च घेऊन शिरणारे अभ्यासक हीच काजळी शोधत असतात. खाली कितीही नवं दिसो, वर काजळी सापडली की ओळखायचं, या घरात एकेकाळी उघडी आग होती.

खिडक्यांना काच नाही. लाकडाचे चौकोनी गज कोपरा पुढे करून तिरके बसवलेत आणि आतून झडपा. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूची झडप लावायची, दुसरी उघडी ठेवायची, एवढीच सोय. दिवाणखान्याच्या वरच्या टोकाला मालकाचं लांब टेबल, खालच्या टोकाला समोरासमोर दोन दारं. दारांच्या पलीकडे दोन छोट्या खोल्या, एक पेयांची, एक भाकर-धान्याची. वरच्या टोकाला जिना चढून गेलात की मालक-मालकिणीची झोपायची खोली. पडद्यांचा पलंग आहे, पेट्या आहेत आणि भिंतीबाहेर काढलेली एक फळ्यांची खोली आहे. ते शौचकूप. भोकातून सरळ खाली. इंग्लंडमधल्या जुन्या घरांची तारीफ करणारे हा भाग गाळतात, इथे तो व्यवस्थित दाखवलाय.

फर्निचर अस्सल जुनं नाही, हे आधीच सांगते. ते मुद्दाम नवं घडवलंय. तेव्हा कुणी वारलं की त्याच्या वस्तूंची यादी व्हायची. त्या याद्या आणि शिल्लक राहिलेले नमुने यांवरून घडवलेलं. माझ्या मते हाच निर्णय योग्य होता. जुनं ठेवलं असतं तर दोरी बांधून 'हात लावू नका' लिहावं लागलं असतं. इथे तुम्ही बाकावर बसता, पेटीचं झाकण उघडता, पलंगावरच्या गादीखालच्या दोऱ्या दाबून बघता.

भिंतींपाशी आमचा बराच वेळ गेला. लाकडाच्या चौकटीत ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत आडव्या लवचिक फांद्या विणलेल्या आणि दोन्ही बाजूंनी माती लिंपलेली. थोडक्यात, कुड. आईंनी बोटाने टोकरून विचारायला लावलं, "शेण घातलंय की नाही?" घातलंय. चिकणमाती, शेण आणि चिरलेला पेंढा. वर चुन्याचा हात. आई म्हणाल्या, "आमच्याकडे कारवीच्या काठ्या." बाईंनी कारवी म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि कितव्या वर्षी तोडता, असंही विचारलं. इथे हेझलच्या झुडपाला सात-आठ वर्षांनी बुंध्याशी छाटतात. छाटलेल्या जागी पुन्हा सरळ फांद्या फुटतात आणि त्याच कुडाला, कुंपणाला, छपराच्या गवताला दाबायला लागतात. झाड मरत नाही. दोघी पंधरा मिनिटं काठ्यांवर बोलत होत्या आणि मी मध्ये दुभाषी.

सुतारकामाबद्दल माझ्या पेशाच्या माणसाने गप्प बसणं शक्य नाही. सगळा ओक ओला असताना कापलेला आहे. वाळलेला ओक इतका कठीण होतो की हाताच्या अवजारांनी जीव जाईल. म्हणून झाड पाडलं की लगेच कुऱ्हाडीने आणि वाकसाने तासायचं, करवतीने चिरायचं आणि जुळवायचं. एका लाकडात खाच, दुसऱ्याला कूस, आणि आरपार गिरमिटाने भोक पाडून ओकची खुंटी. गंमत त्या भोकांत आहे. दोन्ही लाकडांतली भोकं मुद्दाम एका रेषेत पाडत नाहीत, किंचित सरकवून पाडतात. निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत वाकत आत जाते आणि सांधा करकचून ओढून घेते. पुढे लाकूड जागेवरच वाळतं, पिळतं, आक्रसतं, पण खुंटी सोडत नाही. दिवाणखान्यातला एक खांब चांगलाच पिळलाय, तरी त्याचा सांधा बंद आहे. खुंटीचं डोकं भिंतीबाहेर बोटभर राहिलंय, त्याला हात लावून बघा. बांधकामात आपण लाकडाचा ओलावा आधी काढायचा असं शिकतो. इथे त्या ओलाव्यालाच कामाला लावलंय.

कौलं चपटी, भाजलेल्या मातीची, वरच्या कडेला दोन भोकं. भोकात लाकडी खुंटी आणि ती रिपेवर अडकवायची. १४७७ मध्ये चौथ्या एडवर्डच्या राज्यात कौलाचं माप कायद्यानेच ठरवून दिलं: साडेदहा इंच लांब, सव्वासहा इंच रुंद. आजही केंटमध्ये दुरुस्तीला जवळपास त्याच मापाची कौलं मागतात.

बरेच लोक एवढं बघून, फोटो काढून निघून जातात. कृपा करून तसं करू नका. बे-लीफचं खरं मोल घरात नाही, घराभोवती आहे. मागे भाजीचा वाफा आहे, बाजूला फळबाग, पुढे शेत, शेताच्या कडेला झाडांची दाट पट्टी आणि अंगणापलीकडे काउफोल्ड गावातून आणलेलं धान्याचं कोठार, १५३६ सालच्या लाकडांचं. हे सगळं मिळून एक संसार आहे. झाडांच्या पट्टीतून जळण, कुंपण आणि अवजारांचे दांडे. शेतातून गहू, त्याच्या पेंढ्यातून छप्पर आणि जनावरांचं अंथरूण. अंथरुणातून खत, खतातून पुन्हा गहू. म्युझियमवाले जुन्या जातीचा उंच ताटांचा गहू अजून पेरतात, कारण आजच्या बुटक्या गव्हाचा पेंढा छपराला पुरेसा लांब नसतो. वाफ्यात कोबी, कांद्याची पात, लसूण, घेवड्यासारख्या शेंगा, औषधी पाला. बटाटा नाही, टोमॅटो नाही. १५४० मध्ये ते इथे कुणी खात नव्हतं. मिरची तर नाहीच. आईंनी विचारलं, "मग तोंडी लावायला काय?" विंकहर्स्टच्या ट्यूडर स्वयंपाकघरात त्याचं उत्तर मिळालं: जव, पालेभाज्या आणि शेंगा एकत्र रटरट शिजवलेलं पातळ कालवण. मोहरी मात्र होती, तिने आई खूश.

कोठाराकडे या. आमच्याकडे खळं अंगणात, उन्हात. इथे पावसाचा भरवसा नाही म्हणून खळंच छपराखाली घेतलंय. कोठाराच्या मध्ये समोरासमोर मोठे दरवाजे आणि त्यांच्या दरम्यान मळणीची जागा. दोन्ही बाजूंच्या खणांत न मळलेल्या पेंढ्या छपरापर्यंत रचायच्या आणि हिवाळाभर थोड्या थोड्या काढून दोन दांडे चामड्याने जोडलेल्या अवजाराने झोडपायच्या. मग दोन्ही दरवाजे उघडायचे. आरपार वारा सुटतो, त्यात दाणे उफणायचे. मी एका दारात उभी राहिले तेव्हा बाहेर पान हलत नव्हतं, आणि दारात मात्र ओढणी उडत होती. दरवाजे इतके मोठे का, समोरासमोर का, हे पुस्तकात वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा तिथे अर्धा मिनिट उभं राहून जास्त कळतं.

या कोठाराची पुढची गोष्ट तिथल्या पाटीवर शोधत बसू नका, ती मी सांगते, कारण ती माहीत असली की जागा वेगळी दिसते. ही हातमळणी म्हणजे मजुरांची हिवाळ्याची रोजीरोटी. नोव्हेंबरपासून पुढे दुसरं काम नसायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने मळणीयंत्र चालवून दाखवलं आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत ते दक्षिणेतल्या शेतांवर पोचलं. ऑगस्ट १८३० मध्ये केंटमधल्या मजुरांनी रात्री जाऊन ही यंत्रं फोडायला सुरुवात केली आणि महिन्या-दोन महिन्यांत ते लोण ससेक्स, हॅम्पशायर आणि पुढे पसरलं. सरकारने काहींना फाशी दिलं, शेकडोंना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. ज्या दरवाज्यांतून एवढा सुंदर वारा येतो, तिथे उभं राहून कुणाचं तरी पोट भरत होतं, एवढं लक्षात असू द्या.

आता मला खटकतं ते. बे-लीफ मूळचं वील्डच्या चिकणमातीवरचं घर, आणि इथे ते डाउन्सच्या चुनखडीच्या उतारावर आहे. केंटमध्ये त्याच्या अंगणात पावसाळ्यात गुडघाभर चिखल असणार. इथे पाणी झिरपून जातं आणि हिरवळ छान राहते. शेजारी दुसऱ्या परगण्यातलं, दुसऱ्या शतकातलं घर. त्यामुळे एकाच गावातून चाललोय असं वाटतं, तर तसं गाव कधीच नव्हतं. दुसरं असं, की १५४० दाखवायचं म्हणून नंतरच्या काळातले बदल बाजूला ठेवलेत. त्या बदलांतही माणसं राहिली होतीच. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: जे टिकलं ते भक्कम होतं, भक्कम होतं ते पैसेवाल्याचं होतं. बे-लीफमध्ये सांडगे-पापड घालायला चाकर होते असं समजा. त्या चाकरांच्या, मजुरांच्या त्या काळातल्या झोपड्या बहुतेक उरल्याच नाहीत. म्हणून 'जुने इंग्रज शेतकरी असे राहायचे' असं मुलांना सांगू नका. 'बऱ्यापैकी सुखवस्तू शेतकरी असे राहायचे' असं सांगा.

हा तोल सांभाळायचा असेल तर पुढच्या दोन इमारती चुकवू नका. पॉपलर कॉटेज हे ससेक्समधल्याच वॉशिंग्टन नावाच्या गावातलं सतराव्या शतकातलं लहानसं घर. शेतकऱ्याचं म्हणण्यापेक्षा जवळपास भूमिहीनाचं. खाली दोन खोल्या, चिमणी परवडत नाही म्हणून घराच्या एका टोकाला धूर कोंडून वर न्यायची अरुंद जागा. आणि पेनडीन हे मिडहर्स्टजवळचं १६०९ सालचं शेतघर. याच्या मध्यावर विटांची जाडजूड चिमणी आहे आणि तिच्यामुळे सगळंच बदललं. धुराला वाट मिळाली, म्हणून छपरापर्यंत उघडा दिवाणखाना नकोसा झाला. मध्ये तख्तपोशी टाकून सगळीकडे माडी आली, खोल्या वेगळ्या झाल्या. बे-लीफमध्ये मालक आणि चाकर एकाच आगीपुढे जेवत होते. पेनडीनमध्ये प्रत्येकाचं दार वेगळं झालं. बे-लीफहून थेट पेनडीनला चालत जा, मध्ये दुसरं काही बघू नका. दोनेकशे वर्षांत इंग्रज घर कसं बदललं ते दहा मिनिटांच्या चालीत समजतं. आईंना पेनडीन आवडलं नाही. "इथे बाई एकटी पडत असणार," एवढंच म्हणाल्या.

लिटलहॅम्प्टनहून आणलेलं १७३१ चं धान्याचं कोठारही वाटेत आहे. दगडी छत्र्यांवर उचललेलं. उंदीर खांब चढतो, पण छत्रीच्या पालथ्या बाजूने त्याला पुढे सरकता येत नाही. मुलांना हे फार आवडतं, आमच्या चिरंजिवांनी तर स्वतः उंदीर होऊन पाहिलं.

२००२ सालची ग्रिडशेल, म्हणजे लाकडी जाळीच्या कवचाची, इमारत मात्र जाणकार सोडून बाकी लोक वगळतात. एडवर्ड कलिनन यांच्या कार्यालयाने आराखडा केला, ब्युरो हॅपोल्ड या इंजिनीअरिंग कंपनीने गणित. ओल्या ओकच्या बारीक पट्ट्यांची सपाट जाळी उंचावर मांडली आणि आधार हळूहळू खाली घेत ती वाकवली. पट्ट्या ओल्या होत्या म्हणून वाकल्या, वाळल्यावर त्याच आकारात घट्ट झाल्या. बे-लीफच्या सुतारांचं शहाणपण घेऊन केलेली एकविसाव्या शतकातली इमारत. स्थापत्य शिकणारं कुणी घरात असेल तर त्याला इथे आधी न्या. लाकडी घरांच्या दुरुस्तीचे, चौकटी घडवण्याचे अभ्यासवर्गही म्युझियम चालवतं.

आता जायचं कसं. लंडन व्हिक्टोरियाहून चिचेस्टरला ट्रेनने दीड-पावणेदोन तास, तिथून मिडहर्स्टकडे जाणारी ६० नंबरची बस सिंगलटनला थांबते. गाडी असेल तर उत्तम, पार्किंग आहे. तिकीट आधी वेबसाइटवर बघून घ्या. अर्ध्या दिवसात उरकण्याचा बेत करू नका. आवार चढ-उताराचं आहे आणि बे-लीफ बरंच आत आहे, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांना मध्ये मध्ये बसवत न्या. जुन्या घरांचे जिने खडे आहेत, उंबरे उंच. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी दिवाणखान्यात जास्त वेळ थांबू नये, धूर खराखुरा आहे. कपड्यांना वास राहतो, चांगली साडी नेसून जाऊ नका. महिना कुठला विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळ्यात बाग छान असते, पण थंडी वाजत असल्याशिवाय त्या मधल्या आगीचं महत्त्व कळत नाही, आणि थंडीत गर्दीही कमी असते.

निघताना लरगाशॉलच्या पाणचक्कीत थांबा. सतराव्या शतकातली चक्की, अजून पाण्यावर चालते आणि तिथे दळलेलं गव्हाचं पीठ विकत मिळतं. आम्ही आणलं. कोंड्यासकट, भरड दळलेलं आणि दुकानातल्या चपाती-आट्यापेक्षा वेगळंच. पाणी जास्त पितं, म्हणून कणीक सैलसर भिजवा आणि निदान तासभर झाकून ठेवा. घडीच्या पोळ्या फुगत नाहीत, तो नाद सोडा. जाडसर, भाकरीसारख्या लाटून तव्यावर मंद आचेवर भाजा आणि वर लोणी. आईंनी त्याचे धिरडेही केले, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून, तेही चांगले झाले. हे पीठ महिन्याच्या आत संपवा, नाहीतर कोंड्यामुळे खवट होतं.